एकशे छत्तीसाव्या पानावरची सून

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे मी खूप वाचते असा कोल्हापुरात माझ्याविषयी समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही. पुस्तकं देणं, परत घेणं, त्यांच्या पाठीवर नंबर चिकटवणं, वाळवीची पावडर मारणं आणि 'इथं बोलू नका' असं दिवसभर बोलत राहणं, यात वाचायला वेळ कुठला मिळणार? पण हे सांगून लोकांचा विरस कशाला करायचा.

निवृत्त झाल्यावर माझी सांस्कृतिक कारकीर्द खऱ्या अर्थानं सुरू झाली. आमच्या गावात कार्यक्रमांना तोटा नाही. पुस्तक प्रकाशन असतं, व्याख्यानमाला असते, कविसंमेलन असतं, 'एक संध्याकाळ' अमक्यांसोबत असते. संध्याकाळ एकच असते, पण ती संपता संपत नाही. मी सगळीकडे जाते. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची माझी. पहिल्या रांगेत बसलं की कुणाच्या तरी सत्काराला उठावं लागतं, दुसऱ्या रांगेसमोर फोटोवाले पाठ करून उभे असतात. तिसऱ्या रांगेतला माणूस मात्र फोटोत बरोबर येतो. हल्ली पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यायची फार चांगली पद्धत पडली आहे. मी एकदा एका पाहुण्यांना दिलेलं ललित लेखांचं पुस्तक दीड वर्षात गावभर सत्कार करत फिरलं आणि माझ्याच सत्काराला माझ्याकडे परत आलं. वेष्टनाची चिकटपट्टीसुद्धा मीच लावलेली होती.

कार्यक्रम संपला की पुस्तक विकत घ्यायचं, रांगेत उभं राहून लेखकाची सही घ्यायची आणि 'तुमचं लेखन फार आतून येतं' असं म्हणायचं. हे वाक्य मला आजवर कुठेच अडलेलं नाही. मग घरी येऊन ते पुस्तक बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवायचं आणि किल्ली लावायची. त्या कपाटात शंभराच्या वर सह्या आहेत. येणारे-जाणारे कपाटासमोर उभे राहून 'वा' म्हणतात. आमचे हे तेवढे कधी म्हणाले नाहीत. त्यांना टीव्हीवरची कुस्ती आणि कबड्डी पुरते.

गेल्या वर्षी ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढलं. शिरोळकडे पाणी चढणं ही बातमी नसते, किती चढलं ही असते. त्या वेळी बरंच चढलं. पुण्याहून माझ्या लेकीचा फोन आला. तिचं सासर शिरोळजवळच्या एका गावात आहे. सासरे म्हशी घेऊन वरच्या अंगाला नातेवाइकांच्या गोठ्यात गेले होते, आणि सासूबाई आमच्याकडे यायला निघाल्या होत्या.

"आई, त्यांना नीट सांभाळ," लेक म्हणाली.

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आम्ही दोघी विहिणी सलग तासभरसुद्धा एकमेकींच्या वाट्याला आलो नव्हतो. हळदीकुंकू, साडी, ओटी, 'येते हं' आणि 'या की पुन्हा', एवढ्यावर आमचं नातं उत्तम चाललं होतं. आता त्या किती दिवसांसाठी येणार हे नदीच्या हातात होतं.

त्या आल्या ते एक पिशवी, एक मिक्सर आणि पाण्यात पडलेला मोबाइल घेऊन. मिक्सर नवीन होता, म्हणून त्यांनी तो आधी उचलला होता. मोबाइल त्यांनी आल्या आल्या माझ्या तांदळाच्या डब्यात पुरला.

"ईनबाई, चार दिवस पडू दे हितंच. सुकला तर सुकला," त्या म्हणाल्या. आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. मीही त्यांना ईनबाईच म्हणते, फक्त माझ्या तोंडून ते जरा इस्त्री करून येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी माझं स्वयंपाकघर घासलं, कढीपत्त्याची कुंडी उकरली, ह्यांचे दोन शर्ट उसवलेल्या जागी शिवले आणि मग हात मांडीवर ठेवून बसल्या. फ्लॅटमध्ये करण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र घेतलं. त्या सातवी शिकलेल्या. ओठ हलवत, अक्षरावर बोट ठेवत वाचतात. पण काहीही सोडत नाहीत. निविदा वाचल्या, नाव बदलल्याच्या जाहिराती वाचल्या, कुणाची तरी हरवलेली बॅग वाचून हळहळल्या.

त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या वाचनालयाची तीन दिवसांची व्याख्यानमाला होती. त्या समितीवर मी सल्लागार आहे. सल्लागारानं सल्ला द्यायचा नसतो, माणसं आणायची असतात. कार्यवाहांचं राजारामपुरीत वह्या-पेनांचं दुकान आहे. त्यांचा दुपारी फोन आला.

"म्याडम, पाऊस लई हाय. काल खुर्च्या रिकाम्या दिसत हुत्या. आज पुण्याचा पावणा हाय. येताना घरातलं कोण असंल ते घेऊन या की."

ह्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. मी ईनबाईंना विचारलं, तेही जरा कचरतच. म्हटलं, कंटाळा येईल तुम्हाला, जरा जड विषय असतो.

"येतो की. हितं बसून तरी काय करू," त्या म्हणाल्या. आमच्या भागातल्या बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात; बाईपणाची आठवण क्रियापदाला करून द्यावी असं त्यांना वाटत नाही.

अशा रीतीनं आमच्या ईनबाई एक रिकामी खुर्ची भरण्यासाठी साहित्याच्या प्रांतात आल्या.

दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करायला विसरले होते, त्यामुळे ज्ञानाची ज्योत चार वेळा विझली. पाचव्या वेळी कार्यवाहांनी दोन्ही हातांचा आडोसा धरला, तेव्हा ती फोटोपुरती टिकली. परिचय करून देणाऱ्या प्राध्यापकांनी लेखकाचा परिचय सात मिनिटं आणि स्वतःचा तेरा मिनिटं करून दिला. लेखकाला फेटा बांधला. तो थोडा घट्ट झाला असावा, कारण पुढे तासभर त्यांच्या भुवया वर चढलेल्याच होत्या आणि त्यामुळे ते जे काही सांगतील ते त्यांनाच नवीन आहे असं वाटत होतं.

त्यांची नवी कादंबरी पुण्यातल्या दोन भावांवर होती. हे भाऊ एका घरात मध्ये भिंत घालून चाळीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. लेखक म्हणाले, ही भिंत म्हणजे आजच्या माणसाच्या आतली पोकळी आहे. भिंत ही पोकळी कशी असेल ते मला कळलं नाही. मी मान डोलावली. शेजारी पाहिलं तर ईनबाई गालाला हात लावून, पुढे झुकून ऐकत होत्या. मला वाटलं झोप आवरताहेत.

प्रश्नोत्तरांत प्रश्न सोडून सगळं झालं. एका गृहस्थांनी 'माझा प्रश्न नाही, निवेदन आहे' असं म्हणून आपली एक कविता वाचली. मग चहा-बिस्किटं. मी पुस्तक घेतलं, रांगेत उभी राहिले, आपलं नाव सांगितलं, लेखन आतून येतं हेही सांगितलं. लेखकांनी 'सस्नेह' लिहून सही केली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या ईनबाईंना विचारलं, "तुम्ही वाचता का?"

"न्हाई. मी ह्यांच्यासंगं आलो," ईनबाई म्हणाल्या.

लेखक प्रसन्न हसले. बोलीभाषा ऐकली की पुण्याची माणसं तशी हसतात, भजी खाल्ल्यासारखी.

परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "माणूस बरा हाय. पर गोष्ट सांगता सांगता मधीच दुसरंच काय तरी काढतोय. त्या भावांचं फुडं काय झालं?"

"ते पुस्तकात आहे."

"मग तुमी वाचून सांगा मला."

"सांगते की. वेळ मिळाला की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं वर्तमानपत्र संपलं आणि त्यांनी कपाटाची किल्ली मागितली. सह्यांची पुस्तकं आहेत, हाताळली की खराब होतात, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विहिणीला असं म्हणता येत नाही. पहिलंच पुस्तक त्यांनी उघडलं आणि नखानं दोन पानं सोडवायला लागल्या.

"ईनबाई, ही पानं अजून चिकटलेलीच हाईत की."

"ती दुसरी प्रत आहे," मी म्हणाले. "मी वाचली ती वेगळी."

आणखी तीन पुस्तकांची तीच गत निघाली. त्यांनी पुण्याच्या पाहुण्यांची कादंबरी तेवढी बाहेर काढली आणि गॅलरीत चटई टाकून बसल्या. ह्यांनी टीव्हीवरून मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कुस्तीकडे वळले. अडतीस वर्षांच्या संसारात अशा नजरा कमावलेल्या असतात.

तीनशे ऐंशी पानांची कादंबरी त्यांनी सहा दिवसांत संपवली. दोन वेळचा स्वयंपाक करून. मी भाजी निवडायला बसले की मला गोष्ट सांगायच्या. थोरल्याचं कसं चुकलं, धाकट्यानं भिंतीला खिळा मारला तेव्हा पलीकडे कसा फोटो पडला, आणि तिथूनच कसं वाढत गेलं. त्यांच्या घरातही बांधावरून दिराशी नऊ वर्षं बोलणं नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी आपली 'हो ना', 'तेच तर' असं म्हणत होते. वाचलेलं असल्यासारखी.

सहाव्या दिवशी मात्र त्या पुस्तक मिटून अस्वस्थ बसल्या.

"धाकट्याची सून कुठं गेली हो?" त्यांनी मला विचारलं.

"कुठली सून?"

"आवो, एकशे छत्तीस पानावर ती बाळंतपणाला म्हायेरी गेली न्हवं का. सातवा लागलाय, सासूनं ओटी भरली, रिक्षात बसून गेली. ती परत आलीच न्हाई. मी शेवटापत्तोर वाट बघितली. फुडं तिच्या नवऱ्याचं हाय, सासूचं हाय, भिंत पाडतात ते हाय. हीच न्हाई. पोराचंबी नाव न्हाई."

मी ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाले की आधुनिक कादंबरीत काही गोष्टी मुद्दाम अध्याहृत ठेवतात.

"म्हंजे?"

"म्हणजे... सांगत नाहीत. आपण समजून घ्यायचं."

"काय समजून घ्यायचं? मेली का नांदायची न्हाई म्हणून बसली?"

मी एकशे छत्तीसावं पान पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि सुरुवातीच्या पानावर, जिथे प्रकाशकाचा पत्ता असतो, तिथे बोट ठेवलं. लेखकाचा मोबाइल नंबर छापलेला होता. लेखक मंडळी तो मोठ्या आशेनं छापतात.

"द्या जरा तुमचा फोन. माझा तांदळात हाय."

मी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. दुपारची वेळ आहे, मोठा माणूस आहे, काय म्हणेल. त्या म्हणाल्या, नंबर दिलाय म्हंजे फोन करायलाच दिलाय की. मग मीच नंबर लावून दिला आणि आवाज बाहेर ऐकू येईल असं केलं, कारण नाही म्हटलं तरी मला ऐकायचं होतं.

"नमस्कार. कोल्हापुरातनं बोलतोय. तुमचं पुस्तक वाचलं," ईनबाई म्हणाल्या.

"वा, वा. कसं वाटलं?"

"चांगलं हाय. पर ती धाकट्याची सून म्हायेरी गेलती, तिचं काय झालं?"

लेखक म्हणाले, "ताई, काही पात्रं मौनातून बोलत असतात."

"ती बोलंना का. पर कुठं हाय ती?"

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग लेखकांनी अगदी साध्या, घरगुती आवाजात विचारलं, "कितव्या पानावर म्हणालात?"

ईनबाईंनी पान सांगितलं. बघून कळवतो म्हणून त्यांनी फोन ठेवला. या कादंबरीवर तोपर्यंत मोठमोठ्यांचे लेख आले होते. भिंतीवर आले होते, पोकळीवर आले होते. सात महिन्यांची पोटुशी बाई रिक्षात बसून गेली ती परत आलीच नाही, हे त्यांतल्या कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. लिहिणाराच विसरला होता, तर त्यांचा काय दोष.

पाणी उतरलं. बाराव्या दिवशी ईनबाई चिखल काढायला घरी गेल्या. मोबाइल काही सुकला नाही, तांदूळ मात्र मला टाकून द्यावे लागले. त्या गेल्यावर दोन दिवसांनी माझ्या व्हॉट्सअॅपवर लेखकांचा निरोप आला. 'मॅडम, आपण म्हणालात ते तपासलं. आपलं बरोबर आहे. एवढ्या बारकाईनं वाचणारे वाचक आता राहिले नाहीत. मनापासून आभार.'

माझ्या नावासमोर माझा ग्रंथालयातला फोटो होता. मागे कपाटं, पुढे मी. आता फोनवरचा तो आवाज आणि ती भाषा ऐकून त्यांना शंका यायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. पण कोल्हापूरचा माणूस म्हटला की तो तसाच बोलणार, याची पुण्यात खात्री असते. मी निरोप दोनदा वाचला. 'तो फोन माझ्या विहिणींनी केला होता' एवढं एक वाक्य लिहायचं होतं. मी 'धन्यवाद' लिहिलं आणि खाली जोडलेले दोन हात टाकले. मनात म्हटलं, सविस्तर नंतर कळवू.

थंडी संपता संपता कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्या निमित्तानं आमच्याच वाचनालयात लेखक पुन्हा आले. हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेत, कडेला. फेटा या वेळी सैल असावा, कारण लेखक मोकळे बोलत होते. बोलता बोलता ते म्हणाले, "ही आवृत्ती मी कोल्हापूरच्या एका साक्षेपी वाचक भगिनीमुळे दुरुस्त करू शकलो." मग त्यांनी सगळा किस्सा सांगितला. मौनाचं सांगितलं, नव्या आवृत्तीत सून परत येते तेही सांगितलं, आणि 'पर कुठं हाय ती?' हे ईनबाईंचं वाक्य असं हुबेहूब म्हणून दाखवलं की सभागृह हसून लोटपोट झालं. "त्या इथंच आहेत," ते म्हणाले आणि माझ्याकडे हात केला.

त्या वेळी मी काय केलं ते स्पष्ट सांगायला हवं. मी उभी राहिले. चारी बाजूंना वळून नमस्कार केला. टाळ्या बराच वेळ चालल्या आणि त्या मला आवडल्या. एकतीस वर्षांत कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, निरोप समारंभ सोडला तर, आणि तिथे लोकांना जेवायला जायची घाई होती.

चहाच्या वेळी कार्यवाह माझ्याजवळ आले. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"म्याडम, तुमी असं कवा बोलता?"

"फोनवर कधी कधी," मी म्हणाले.

दोन दिवसांनी वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर माझा फोटो आला. खाली 'साक्षेपी वाचक' असं होतं. ह्यांनी तो चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून मला विचारलं, "तू हे पुस्तक वाचलंस?"

"वाचलंय की."

"कधी?"

मी कुकर लावायला गेले.

ईनबाईंना फोन करून सगळं सांगायचं, असं मी रोज ठरवत होते. सोमवारी पाहुणे आले, मंगळवारी डोकं दुखलं. माणसाला वेळ नसला की किती कामं निघतात. गुरुवारी त्यांचाच फोन आला. वर्तमानपत्र त्या संपूर्ण वाचतात हे मी विसरले होते.

"ईनबाई, पेपरात तुमचा फोटो आलाय," त्या म्हणाल्या. "बातमी वाचली. आपल्या फोनचंच लिवलंय न्हवं ते?"

मी हो म्हणाले. पुढची वाक्यं तयार होती. गडबडीत झालं, त्यांचा गैरसमज झाला, मी सांगणारच होते. त्यातलं एकही वापरायची वेळ आली नाही, कारण त्या नावाबद्दल काही बोलल्याच नाहीत.

"पावणा परत येणार हाय म्हणून मला कळवायचं हुतं," त्या म्हणाल्या. "मीबी आलो असतो की कार्यक्रमाला. एसटी हाय आमच्यातनं."

एवढंच बोलून त्यांनी ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. नाव लाटलं ते लाटलंच. त्याचं मला वाईट वाटत होतं आणि त्याची मी थोडी सवयही करून घेतली होती. पण त्यांना बोलवावं हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. पावसात खुर्ची भरायला मला त्या चालल्या होत्या. हॉल आपोआप भरणार म्हटल्यावर त्यांची आठवण कुणाला होणार.

रविवारी मी ह्यांना घेऊन त्यांच्या गावी गेले. हे कशाला येत होते ते म्हणाले नाहीत, पण त्या दिवशी टीव्हीवर कबड्डीचा सामना असूनही आले, म्हणजे बघायला मिळेल असं काही तरी त्यांना वाटलं असणार. गाळपाचे दिवस होते. उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत रांगत पोचायला बारा वाजले. घर रंगवून झालं होतं, तरी भिंतीवर कमरेच्या वर पाण्याची पुसट रेघ दिसत होती.

ईनबाईंनी पाय धुवायला गरम पाणी दिलं. बसायला नवी चादर अंथरली. जेवायला भरली वांगी, भाकरी, खीर, कुरडया. 'घ्या, संकोच करू नका', 'काय कमी-जास्त झालं तर सांगा' असं प्रत्येक घासाला. विहीण इतकी अदबीनं वागायला लागली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. आमच्याकडे बारा दिवस त्या माझ्या कढईत चमचा घालून मीठ बघत होत्या.

जेवणं झाल्यावर व्याही ह्यांना म्हशी दाखवायला घेऊन गेले. मी पिशवीतून दुसरी आवृत्ती काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"ईनबाई, चूक झाली. तो फोन तुमचा होता, आणि टाळ्या मी घेतल्या," मी म्हणाले. "आणि खरं सांगायचं तर हे पुस्तक मी वाचलेलंच नाही. कपाटातली बरीचशी वाचलेली नाहीत."

"ते म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "पानं चिकटलेली हुती की."

मग त्या हसल्या. अदब एकदम गेली. म्हणाल्या, "तरी दुसरी प्रत म्हणून सांगितलंसा. मी म्हटलं, एवढी शिकलेली बाई, खोटं बोलाय येत न्हाई."

मी तिथेच बसून लेखकांना फोन लावला. आवाज बाहेर सोडून, त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. फोन कुणी केला, पुस्तक कुणी वाचलं, टाळ्यांना कोण उभं राहिलं. लेखक ऐकत राहिले. शेवटी मला वाटलं ते रागावतील किंवा निदान खिन्न तरी होतील. ते म्हणाले, "अहो, पण आता छापून झालं." मग आठवल्यासारखं म्हणाले, "तसं प्रस्तावनेत 'कोल्हापूरची एक वाचक भगिनी' एवढंच आहे, नाव नाही. ते दोघींनाही चालून जाईल."

लेखकाच्या हातात शब्द असतात ते असे.

ईनबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सुनेला परत आणल्याबद्दल त्यांचे आभार मानले. त्यानंतर सासूनं दागिने कुणाला दिले हे नीट कळलं नाही, असं म्हणून पुढची चौकशी सुरू केली. लेखक 'थांबा, लिहून घेतो' म्हणाल्याचं मी ऐकलं. त्यांचं बोलणं अर्धा तास चाललं. लेखकांनी त्यांच्या गावी यायचं कबूल केलं. येतील का ते माहीत नाही.

फोन माझा, पण मला त्यात काही काम नव्हतं. मी ओसरीवर बाजेवर बसले आणि वेळ घालवायला म्हणून पुस्तकाचं पहिलं पान काढलं. ऊन उतरलं तेव्हा मी पंचाण्णवाव्या पानावर होते. हे आणि व्याही परत आले, चहा झाला, आणि निघायची वेळ झाली तेव्हा ईनबाई म्हणाल्या की राहा आजची रात, पावण्यांना जाऊ दे. मी राहिले. हे एकटे गेले आणि जाताना, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, माझ्याकडे बघून जरा कौतुकानं हसले. किंवा कबड्डी मिळेल म्हणून हसले असतील.

सोमवारी दुपारी कादंबरी संपली. सून एका परिच्छेदात परत येते, कडेवर मूल असतं, आणि दाराशी कुणीतरी भाकरतुकडा ओवाळून टाकतं. तो परिच्छेद चांगला आहे. एकूण कादंबरीही बरी आहे, पण मधे थोरला भाऊ खिडकीतून बाहेर बघत बसतो ती साठेक पानं मला कंटाळवाणी वाटली आणि मी तसं म्हणाले. ईनबाईंना नेमकी तीच पानं सगळ्यांत आवडलेली होती. माणूस बोलायचा बंद झाला की खिडकीत बसण्याशिवाय करणार काय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, मग दहा पानं बसावं, साठ कशाला. यावरून आमचं चांगलंच वाजलं. एसटीच्या थांब्यापर्यंत त्या मला सोडायला आल्या आणि गाडी येईपर्यंत खिडकीची बाजू सोडायला तयार नव्हत्या.